घर डोक्यावर घेणारी मनू

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरात आम्ही सहा जण. मी, मिस्टर, सासूबाई, दीर, नणंद आणि आमची मनू. मनू साडेचार वर्षांची आहे. तिच्याबद्दलच लिहितेय.

हाताला लागेल ती वस्तू ती डोक्यावर घालते. चहाची गाळणी, पोळ्यांच्या डब्याचं झाकण, भाऊजींचं हेल्मेट, मिस्टर टॉवेलच्या कारखान्यातून सुताचे रिकामे कोन आणतात ते. टॉवेल डोक्यावर टाकून मागे सोडते आणि म्हणते, माझे केस लांब आहेत. वारलेल्या सासऱ्यांची खुंटीवरची टोपीसुद्धा सोडली नाही. शेजारच्या अव्वा विड्या वळतात, त्यांचं सूप उचलून आणलं. डोक्यावर काही असलं की मनू म्हणून हाक मारली तरी ओ देत नाही. ‘मनू गावाला गेलीय’ म्हणते. सासूबाई म्हणतात, डोक्यावर टोपली-सूप घेतलं की पोरीची उंची खुंटते, हे लक्षण काही बरं नव्हे, कुणाला तरी दाखवा. भाऊजी उलट व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवतात.

मागच्या आठवड्यात नणंदेला बघायला पाहुणे आले होते. पोहे झाले, चहा झाला आणि मनू आतून आली. डोक्यावर कांद्या-बटाट्याची टोपली, खाली फडक्याची गुंडाळी. पाहुण्यांसमोर फतकल मारून बसली आणि म्हणाली, “घ्या ओ, ताजं हाय. भवानीच्या टायमाला उधारी नाही.” पाहुणे हसले. सासूबाईंचं तोंड एवढंसं झालं. लग्नानंतर बारा वर्षं त्यांनी टोपलीतून दारोदार भाजी विकली, पण आता घरात तो विषय काढलेला त्यांना चालत नाही. मनूला तेवढं झोपवताना काहीबाही सांगत असतात. पाहुणे गेल्यावर मी मनूला दोन फटके दिले. पहिल्यांदाच हात उचलला.

त्याला आठ दिवस झाले. तिनं डोक्यावर काही घातलेलं नाही. सगळे म्हणतात, सुटलं एकदाचं. मला मात्र बरं वाटत नाही. ती खेळतच नाही. नुसती बसून राहते, मोबाइल मागते. माझं चुकलं का? पुन्हा सुरू झालं तर थांबवू का? डॉक्टरांना दाखवू का?

– मनूची आई

*

मनूच्या आई,

तू माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची असशील, म्हणून तुला तू म्हणते. तुझं पत्र वाचताना भवानीच्या उधारीपर्यंत मी डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. पुढे ‘आठ दिवस झाले’ वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

एक आगाऊपणा करू दे, मग कामाचं बोलते. नणंदेला बघायला आलेली मंडळी काय काय विचारत होती? उंची किती, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, रंग उन्हामुळे की मुळातच? आणि त्याच सतरंजीवर एक पोर टोपली टेकवून सांगतेय की माल ताजा आहे, घ्या. त्या बैठकीत काय चाललंय ते सगळ्यांच्या आधी मनूला कळलं असावं, असं मला वाटून गेलं. सोड, हे नणंदेला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव.

आता ती टोपली. तू लिहिलंस, ‘खाली फडक्याची गुंडाळी’. बाई, ती गुंडाळी म्हणजे चुंबळ. साडेचार वर्षांच्या पोरीला चुंबळ कुठून ठाऊक? तुमच्या गल्लीत आता भाजी येते ती हातगाडीवर, नाहीतर टेम्पोत, भोंग्यावर रेकॉर्ड लावून. टोपली डोक्यावर घेऊन दारात येणारी बाई मनूनं जन्मात पाहिलेली नाही. आणि ‘भवानीच्या टायमाला उधारी नाही’ हे ती कोणत्या कार्टूनमध्ये ऐकणार? हे शब्द एकाच माणसाच्या तोंडून तिच्या कानात जाऊ शकतात, तेही रात्री, दिवा मालवल्यावर.

तुम्हाला सगळ्यांना वाटलं, मनू भाजीवाली झाली. ती आजी झाली होती.

सासूबाईंचं तोंड एवढंसं का झालं, ते आता बघ. नात चारचौघांत वेड्यासारखी वागली, एवढंच त्यामागे नसावं. बारा वर्षं ज्या बाईनं उन्हातान्हात डोक्यावर ओझं वाहिलं, मुलांना त्यावर वाढवलं, घर उभं केलं, आणि मग ते दिवस ट्रंकेच्या तळाशी घालून ठेवले, तिच्याच समोर, होणाऱ्या व्याह्यांच्या देखत, ती टोपली बाहेर आली. तुझ्या माझ्यासाठी टोपली डोक्यावर घेणं हा खेळ आहे. त्यांच्यासाठी ती मानदुखी आहे. ‘उंची खुंटते’ असं त्या म्हणतात ना, त्याला अंधश्रद्धा म्हणून हसण्याआधी थोडं थांब. भरली टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढणारी बाई आपल्या नातीबद्दल आणखी काय म्हणेल?

उंचीला मात्र काही होत नाही. गाळणीनं तर नाहीच नाही.

उंचीवरून एक गोष्ट सांगते. लेव वायगॉट्स्की नावाचे एक रशियन मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. जेमतेम 37 वर्षं जगले, पण मुलांविषयी लिहिताना आजही लोक त्यांच्याकडे वळतात. 1933 साली त्यांनी मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं की, खेळात मूल स्वतःपेक्षा एक डोकं उंच असतं. म्हणजे एरवी त्याला जे झेपत नाही, ते खेळात झेपतं. तुझीच मनू बघ. एरवी पाहुणे आले की ती तुझ्या पदरामागे लपत असणार. टोपली डोक्यावर आली आणि परक्या माणसांसमोर बसून तिनं भाव सांगितला. सासूबाईंना उंचीची काळजी असेल तर हे सांग.

त्याच व्याख्यानात त्यांनी काठीच्या घोड्याबद्दल सांगितलंय. आपल्याकडेही काठीचा घोडा करून न दौडलेलं मूल विरळाच. अगदी लहान बाळाला काठी ही काठीच दिसते. मग एक दिवस ते तीच काठी दोन पायांत धरतं आणि म्हणतं, घोडा. वस्तू एक आणि तिचा अर्थ दुसराच, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात हे त्या क्षणी त्याला उमगतं. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण पुढे पाटीवर गिरवलेला वाकडा आकार म्हणजे ‘क’ हा आवाज, आणि आणखी दोन आकार जोडले की ‘कमळ’ नावाचं फूल, हे मानायचं असतं ते याच बळावर. तुला मनूच्या बालवाडीतल्या अक्षरांची काळजी असेल, तर गाळणीची टोपी हा त्याच अभ्यासाचा मागचा धडा आहे.

हे सगळं वयाप्रमाणे चालतं. दीडेक वर्षाचं पोर रिकाम्या पेल्यातून चहा पितं आणि तुलाही पाजतं. दोन-अडीचला एका वस्तूची दुसरी होते. चार-पाचला मूल स्वतःच दुसरं कुणीतरी होतं, त्याचं बोलणं, चालणं, रागावणं सगळं घेऊन. सात-आठच्या पुढे नियमांचे खेळ लागतात, लगोरी, क्रिकेट, आणि टोप्या आपोआप खाली उतरतात. मनू नेमकी जिथं असायला हवी तिथंच आहे.

‘मनू गावाला गेलीय’ यानं तू घाबरलीस. घाबरू नकोस. तिला पक्कं ठाऊक असतं की हे खरं नाही. हवी तर परीक्षा घे. कंडक्टर झालेल्या पोरीला शू लागली की ती बस अर्ध्या रस्त्यात सोडून मनू होऊन धावते की नाही? टोपलीतला कच्चा कांदा तिनं चावून पाहिला का? केळं कानाला लावून फोनवर बोलणारं मूल बोलणं संपलं की तेच केळं सोलून खातं. त्याचा घोटाळा होत नाही. घोटाळा आपला होतो.

मी सव्वीस वर्षं विडी कामगारांच्या वस्तीत बालवाडी चालवली, म्हणून हे छातीठोक सांगते. आणि माझा घोटाळा कसा झाला तेही सांगते. एक पोरगा होता, अबोल. रोज खिचडीच्या तांदळाचा पत्र्याचा उभा डबा डोक्यावर पालथा घालायचा आणि कोपऱ्यात ताठ उभा राहायचा. ना हलणं, ना बोलणं. मी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी डबा काढून घेतला. म्हटलं, अन्नाचा डबा आहे, खेळायचा नाही. पोरगा काही बोलला नाही, पण तो त्या कोपऱ्यात परत गेलाच नाही. आठवडाभरानं मलाच करमेना. विचारलं, “तू काय झाला होतास रे?” म्हणाला, “चिमणी.” मला वाटलं, पाखरू. “उडत का नव्हतास मग?” माझ्याकडे त्यानं असं पाहिलं, की बाईंना काहीच कळत नाही. “गिरणीची चिमणी.” मी सावरून विचारलं, “धूर कुठाय मग?” तर म्हणाला, “गिरणी बंद हाय की, बाई.”

त्याचा बाप गिरणीत होता. घरी त्यावर कुणी मुलाशी एक अक्षर बोललेलं नव्हतं. पोरगा मात्र रोज तासभर बंद गिरणीची चिमणी होऊन उभा राहत होता आणि मी त्याच्या डोक्यावरून डबा काढून घेतला होता. तेव्हापासून मी कुठल्याही मुलाच्या डोक्यावरची वस्तू काढण्याआधी एक प्रश्न विचारते. ‘हे काय घातलंस?’ हा तो प्रश्न नव्हे, कारण काय घातलंय ते दिसतंच. ‘आज कोण आलंय?’ असं विचारते.

तूही तेवढंच विचार, आणि उत्तर आलं की त्या माणसाशी बोल. कंडक्टर असेल तर म्हण, एक फुल एक हाफ, सात रस्ता. तिकीट घे, बस. पुढे शिकवायला जाऊ नकोस. ‘कंडक्टरची टोपी अशी नसते, खाकी असते’ असली दुरुस्ती तर अजिबात नको. हौस म्हणून बाजारातून पोलिसाची, डॉक्टरची प्लास्टिकची टोपीही आणू नकोस. पोलिसाची टोपी फक्त पोलीस होते. गाळणी काहीही होते. सुताचा रिकामा कोन कपाळावर उभा धरला की एकशिंगी प्राणी, डोक्यावर ठेवला की जोकर, दोन कोन दोन बाजूंना धरले की बैल. आपल्या गावात कारखान्यातून पिशवीभर फुकट मिळणारी ही वस्तू दुसऱ्या गावच्या मुलांना बघायलाही मिळत नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा महागड्या साहित्याच्या मागे न लागता शिंपले, दगड, पानं, बिया असं आजूबाजूचंच वापरायला घेतलं. पैसे वाचावेत एवढाच त्यांचा हेतू असेल, असं मला वाटत नाही.

आणि मोठ्यांचं तरी वेगळं काय असतं? काल नाक्यावर पान खात उभा असलेला पोरगा आज बाशिंग बांधलं की नवरदेव. लग्नात फेटा बांधला की तुझे मिस्टरही दोन इंच ताठ चालत असतील, आठवून बघ. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत नंदीध्वजाच्या उंच काठ्या पाहून आलेली पोरं घरी येऊन झाडूचा नंदीध्वज करतात, त्याच्या टोकाला काहीतरी अडकवून नागफणी म्हणतात, आणि आपणच कौतुकानं बघतो. तेव्हा कुणी म्हणत नाही, डॉक्टरला दाखवा. मग गाळणीनंच काय घोडं मारलंय?

सासऱ्यांच्या टोपीचं मात्र वेगळं आहे. ती खुंटीवरच राहू दे. ज्या गावात 1930 साली मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालणं हा गुन्हा ठरला होता, त्या गावच्या जुन्या माणसांच्या लेखी टोपी ही साधी वस्तू नाही, आणि सासूबाईंच्या लेखी तर ती सासऱ्यांची आठवण. मनूला स्पष्ट सांग, ही आजोबांची, ही खेळायची नाही, बघायची. देव्हाऱ्यातल्या वस्तूंचंही तसंच. एखाद-दुसरी वस्तू बाजूला ठेवली की मूल हिरमुसत नाही. सरसकट ‘नाही’ म्हटलं की हिरमुसतं.

भाऊजींबद्दल थोडं कडक लिहिते. सासूबाई मनूला रागावतात याची तुला चिंता आहे, पण मला भाऊजींच्या मोबाइलची जास्त आहे. मूल कुणीतरी झालेलं असताना त्याच्यासमोर कॅमेरा आला, की ते परत मनू होतं, आणि तीही लोकांना हसवणारी मनू. चार वेळा असं झालं की ते खेळणं सोडून करून दाखवायला लागतं. त्या दिवशी ती थेट पाहुण्यांसमोर का गेली? मोठी माणसं जमली की आपल्या टोपीला हशा मिळतो, हे तिला घरातच शिकवलं गेलंय. आणि मग त्याच गोष्टीसाठी फटके मिळाले. काकाच्या मोबाइलवर जे गोड, ते पाहुण्यांपुढे गुन्हा. साडेचार वर्षांच्या डोक्यानं यातून काय काढावं? भाऊजींना सांग, स्टेटस काढून टाका आणि तिच्या खेळातल्या बसमध्ये प्रवासी व्हा. त्यांना एवढी हौस असेल तर दुसरं काम देते. मनूला हेल्मेट आवडतं ना? मग तिच्या मापाचं आणा आणि गाडीवर घाला. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट हवंच, असा कायदा आहे. घरात हेल्मेट घालून फिरणारी पोर होटगी रोडला टाकीवर उघड्या डोक्यानं बसून जात असेल, तर वेडं कोण?

आता जपायचं काय ते सांगते. इथं मी गंमत करणार नाही.

प्लास्टिकची पिशवी डोक्यावर नको, खेळातही नको, एक मिनिटही नको. नाकातोंडाला चिकटली की मुलाला ती काढता येत नाही. घरातल्या पिशव्या गाठ मारून वर ठेव. हनुवटीखाली दोरी, ओढणी, नाडी बांधायची नाही. टोपी पडते तर पडू दे, पडते म्हणूनच ती सुरक्षित. तोंड लहान आणि पोट मोठं असलेलं भांडं डोक्यात घालायचं नाही, कारण जाताना जातं आणि येताना कानांवर अडतं. कधी अडकलंच, तर ओढू नकोस. ओढलं की मूल रडतं आणि सगळंच अवघड होतं. मांडीवर घे, बोलत राहा, कडेनं गोडंतेल सोड, कान हळूच चपटे कर आणि भांडं फिरवत फिरवत काढ. श्वासाला त्रास वाटला, किंवा नाहीच निघालं, तर 101 ला फोन. अग्निशामकवाल्यांनी असली भांडी कापलेली असतात. डोळे झाकणारं काही असेल तर जागचं हलायचं नाही. जिना आणि गच्ची दूर ठेव. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा 40 च्या वर जातो, तेव्हा उन्हात पडलेलं स्टीलचं भांडं थेट डोक्यावर गेलं तर चटका बसेल. गॅसजवळची भांडी तर नाहीच.

आणि अव्वांचं सूप. सूप म्हणजे लक्ष्मी वगैरे आहेच, पण माझी हरकत वेगळी आहे. त्या सुपात दिवसभर तंबाखू असते. बांबूच्या विणीत भुकटी बसलेली असते. डोक्यावर पालथं घातलं की ती डोळ्यांत, नाकात, केसांत जाते. माझ्या बालवाडीतल्या निम्म्या मुलांना सतत शिंका असायच्या, ते उगाच नव्हे. मनूला सूप हवंच असेल तर मधल्या मारुतीच्या बाजारातून एक छोटं, कोरं सूप घे. तिच्या नावाचं.

डॉक्टरांचं विचारलंस. या खेळासाठी नको. पण घरच्या घरी दोन गोष्टी बघून ठेव. डोक्यात उवा आहेत का? हसू नकोस. खाज येते म्हणून डोक्याशी सतत चाळा करणारी मुलं मी डझनावारी पाहिलीत. दुसरं, कान दुखतो का, हाक मागून मारली तर ऐकू येते का? टोपी नसतानाही मनू ओ देत नसेल, आधी बोलत होती ते शब्द बोलेनाशी झाली असेल, तासन्‌तास एकच वस्तू त्याच पद्धतीनं फिरवत असेल आणि त्यामागे कुणी कंडक्टर नाही, कुणी आजी नाही, अशी काही शंका असेल तर मुलांच्या डॉक्टरांकडे जरूर जा. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही. ज्या पोरीला भवानीची वेळ कळते, तिचं डोकं ठिकाणावर आहे.

आता ते आठ दिवस.

तुझं चुकलं का? हो, चुकलं. पण ते दुरुस्त होण्यासारखं आहे, आणि तुला ते आठ दिवस टोचतंय म्हणजे अर्धं काम झालंय. मात्र आज एकदम गाळणी हातात देऊन ‘खेळ बाळा’ म्हणू नकोस. मुलं हुकमावर खेळत नाहीत. आधी माफी माग. मोठ्यांदा नको, सगळ्यांसमोर नको, वेणी घालताना, म्हणजे ती पाठमोरी असेल तेव्हा. म्हण, “मी तुला मारलं, ते माझं चुकलं. तू त्या दिवशी आजी झाली होतीस ना? मला कळलंच नव्हतं.” आणि मग गप्प बस. ती काही बोलेल किंवा बोलणार नाही. वेणी पूर्ण कर.

मोबाइल मागते तेव्हा एकदम हिसकावू नकोस, पण त्या वेळेला दुसरं काहीतरी घरात घडू दे. कपड्यांच्या घड्या घालताना एक टॉवेल स्वतःच्या डोक्यावर टाक आणि काम करत राहा. तिच्याकडे बघू नकोस. सुताचे कोन, झाकणं, एक जुनी दुरडी, चादरीचा उरलेला तुकडा असं तिच्या हाताला येईल अशा फळीवर ठेवून दे आणि त्याबद्दल एक शब्द काढू नकोस. दोन दिवस लागतील, कदाचित पंधरा. मला एका मुलीची तीन आठवडे वाट बघावी लागली होती आणि चौथ्या आठवड्यात ती माझीच पर्स डोक्यावर ठेवून ‘बाई’ झाली. माझी इतकी हुबेहूब नक्कल केली की मदतनीस बाई तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. आपण मुलांवर किती ओरडतो, ते त्या दिवशी मला कळलं.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांना वायगॉट्स्की ऐकवलास तर त्या तुलाच कुणाला तरी दाखवायला नेतील. उंचीची गोष्ट सांगायचीच तर नाव न घेता सांग. त्यापेक्षा नळाला पाणी येईल त्या दिवशी, भरून झालं की सगळे दमून बसलेले असतात ना, तेव्हा एक जुनं फडकं त्यांच्या हातात दे आणि म्हण, “आई, चुंबळ नीट पिळतात कशी? मनूची सुटत होती.” एवढंच. त्या नाही म्हणाल्या तर फडकं परत घे. पण माझा अंदाज असा, की हात आपोआप पिळायला लागतील. बारा वर्षांची सवय असते ती. झोपवताना अंधारात त्या नातीला हे दिवस सांगतात, म्हणजे कुणाला तरी सांगावंसं त्यांना वाटतं. फक्त उजेडात सांगायची त्यांना लाज वाटते. नणंदेच्या सासरी कळेल याची भीती असेल तर तेही विचार. जी माणसं भाजीच्या टोपलीवरून नातं मोडतील, तिथं पोरगी द्यायची का, हा प्रश्न तुझ्या नणंदेचा आहे. मनूच्या खेळाशी त्याचा संबंध नाही.

त्या दिवशी तिनं पाहुण्यांना काय भाव सांगितला होता, ते तू लिहिलं नाहीस. सासूबाईंच्या लक्षात असेल. विचारून बघ, आणि तो भाव कोणत्या सालचा होता तेही विचार.

आणि अव्वांचं सूप अजून तुमच्याकडेच असेल तर आजच नेऊन दे. मनूला बरोबर ने. त्यांच्या हजारी विड्या मोजून द्यायच्या असतात, सुपावाचून खोळंबा होतो.

तुझी,
ताई